खुंटी क्रमांक एक

मंत्रालयाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला,
मी कोट सांभाळते.
तिबिलिसीचे एकोणतीस हिवाळे झाले.
अकरा शिक्षणमंत्री माझ्या हातून टांगले गेले,
असं मी घरी म्हणते
आणि नवरा दरवेळी नव्यानं हसतो.

नववे एल्गुजा लोबझानिद्झे.
पहिल्याच दिवशी कोट स्वतः अडकवला
आणि पितळी बिल्ल्यासाठी हात पुढे केला.
मंत्र्यांना बिल्ला देत नाहीत, मी म्हटलं.
एक नंबरची खुंटी त्यांचीच असते.
"मग हा कोट माझाच, हे मला कसं कळणार?"

कळलं असतं. असा कोट दुसरा नव्हता.
राचाच्या डोंगरातली जाड लोकर, कोपरांवर चामडं,
उजव्या खिशात खडूचा चुरा.
चारदा ब्रश फिरवला. गेला नाही.

त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं ते असं:
ख्विदारी गावात पदार्थविज्ञानाचे मास्तर.
वीज नसायची त्या वर्षांत
मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी वीज शिकवली.
फळ्यावर बल्ब काढायचे, म्हणायचे, आहे असं समजा.
पोरं घरून एकेक ओंडका आणत.
ज्याच्याकडे ओंडका नाही, तो शेगडीला चिकटून बसेल,
असा वर्गाचा नियम होता.

इथे आल्यावर त्यांनी परीक्षा बदलली.
तोवर वैद्यकीच्या जागेला एक द्राक्षमळा लागायचा,
कायद्याच्या जागेला मोटार.
आता पाकिटं सीलबंद, नावांच्या जागी आकडे.
पहिल्या उन्हाळ्यात त्यांचा भाचा दोन गुणांनी राहिला.
बहीण आली. मी हात पुढे केला तर
कोट दिला नाही, भर जुलैत पातळ कोट घालून
माझ्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली.
साहेब खाली आले, शेजारी बसले,
शोतीचा पाव मोडून अर्धा तिच्या मांडीवर ठेवला.
तो तिथेच राहिला.
रात्री झाडताना मी उचलला.

आणि मग तो डिसेंबर.
दहापेक्षा कमी मुलांच्या शाळा बंद करायच्या होत्या.
एक्केचाळीस नावं, वर्णक्रमानं,
प्रत्येकासाठी वेगळी सही.
आमच्या वर्णमालेत 'ख' शेवटून तिसरा येतो.
म्हणजे ख्विदारीपर्यंत पोचायला
माणसाला भरपूर वेळ मिळतो.

मुलं सात होती तिथे.

त्या रात्री साहेब माझ्यासमोरून गेले
आणि कोट न घेताच बाहेर पडले.
मी हाक मारली. बाहेर गारा आणि पाऊस.
रखवालदार म्हणाला, गाडीही परत पाठवली.
मी कुलूप लावलं. कोट आत एकटा.
सकाळी आले ते खोकत,
खुंटीकडे बघितलंही नाही.

वसंतात त्यांना काढलं.
आम्ही रखवालदाराच्या खोलीतल्या टीव्हीवर पाहिलं,
त्यांनी बहुधा वर पाहिलं असावं.
रखवालदार म्हातारा, जुनं काही वाचलेला, म्हणाला,
आपल्या लिपीतूनही एकदा पाच अक्षरं घरी पाठवली होती,
काही म्हातारे तरी ती लिहीतच राहिले.
मला त्यातलं एकही वाचता येत नाही.

एप्रिलचं ऊन होतं, तरी कोट घालून गेले.
जाताना मी एक नंबरचा बिल्ला त्यांच्या हातात ठेवला.
त्यांनी तो उलटासुलटा केला,
खडूच्या खिशात टाकला.
"आता कळेल," म्हणाले. बस, एवढंच.

ऐकीव गोष्ट आहे, खात्री देत नाही:
ख्विदारीची सात मुलं व्हॅननं खालच्या गावात शाळेला जातात,
ड्रायव्हरशेजारी एक म्हातारा बसतो,
आणि प्रत्येक वळणावर मागे वळून विचारतो,
आता तुम्ही डावीकडे का कललात?

परवा नव्या मंत्रीबाईंच्या माणसानं सामान मोजलं.
पहिल्या खुंटीचा बिल्ला कुठे?
हरवला, मी म्हटलं.
पगारातून बारा लारी कापले.