तिरकी रेघ

दमयंती मढवी आली तेव्हा मी कपाटांना कुलूप लावत होतो.
बेलापूर, सेक्टर अकरा, दुसरा मजला,
पाटीवर नुसतं 'दस्तऐवज विभाग'.
तिच्या हातात दोरी बांधलेली फाईल,
बापाने तीस वर्षं सिडकोत
साडेबारा टक्क्यांसाठी फिरवली तीच.
आतले जुने कागद काढून नवे घातलेले:
भावाचा करार, पासपोर्टची झेरॉक्स,
एक फोटो. गंजलेलं डेक, चौदा माणसं, एक बादली.

"कुंदनचं जहाज सात महिने नांगरावर उभं हाय.
मालक फोन उचलत नाय.
झेंडा ज्या देशाचा, तो त्याने नकाशातपण बघितला नाय.
बंदरवाले म्हणतात आमचं नाही,
झेंडेवाले म्हणतात लिहून पाठवा.
तलाठ्याच्या वर तहसीलदार,
तहसीलदाराच्या वर कलेक्टर.
समुद्रावर कोण?"

एकोणीस वर्षांत इतका सरळ प्रश्न
मला कुणी विचारला नव्हता.
इथे येतात ती परीक्षेची पोरं,
पंख्याखालची जागा धरायला.

म्हटलं, वर कुणी नाही, ताई.
वर कागद आहेत.
देशांनी एकमेकांना दिलेला शब्द
कुठल्या फडताळात ठेवलाय,
तेवढंच मला शोधता येतं.

मग तिला तिरकी रेघ शिकवली.
आधी संस्था, रेघ,
मग समिती, रेघ,
मग वर्ष, आणि शेवटी आकडा.
"म्हंजे नोड, सेक्टर, प्लॉट, रूम नंबर."
हो.
जिनिव्हासुद्धा सिडकोनेच वसवल्यासारखी.

चुकीची दारं पुष्कळ वाजवली.
एका ठरावात चारदा 'तीव्र चिंता', पुढे काही नाही.
एक अहवाल फ्रेंचमध्ये, त्यातला फक्त तक्ता कळला.
समुद्राच्या कायद्यात माशांना कलमं होती,
तळाच्या खनिजांना होती, केबलींना होती.
वाघचौरे दिवे मालवायला आला.
त्याला म्हटलं, बस जरा.

सापडलं ते सव्वासातला.
इथे रेघा नव्हत्या, टिंबं होती:
मानक अ, दोन, पाच, दोन.
दोन महिने पगार नाही
तर खलाशाला टाकून दिलेलं धरावं.
टाकून दिलेला. हा कायद्यातला शब्द.
ती तो मोठ्याने वाचेना.
पुढचं मीच वाचलं,
त्याला काय काय मिळायला हवं ते:
अन्न, निवारा,
पिण्याचं पाणी,
तगण्यापुरतं इंधन, औषधोपचार.

"पाणी लिवलंय?"
लिहिलंय.
तिने त्या शब्दावर बोट ठेवलं
आणि दिवाळ्याची शेवटची रिक्षा जाईल
हे वाघचौरेने दोनदा सांगितलं तरी
उचललं नाही.

मी त्या खोलीचा विचार करतो.
लांब टेबल, कानाला यंत्रं, गार झालेली कॉफी.
कुणीतरी म्हणालं असणार,
अन्न म्हटलं की त्यात पाणी आलंच.
आणि कुणीतरी, झोपेला आलेलं,
हात वर करून:
नाही. वेगळं लिहा.
त्या माणसाचं नाव
अजून कुठल्या इतिवृत्तात मिळालेलं नाही.
फावल्या वेळात शोधतो.

रात्री तिने कुंदनचा निरोप पुढे पाठवला:
आकडे नीट कळव, टिंबं कुठे ते पण.
डेकवर मोठे लिहिणार आहोत,
वरून दिसतील असे.
रंगाचे डबे भरपूर आहेत.