खालची दांडी

सात आठवडे ती सहा पिल्लं
स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खोक्यात,
साठच्या बल्बखाली वाढली.
लाइट गेली की खोकं मी उशाशी घ्यायची.
अंधारात त्यांचा आवाज
मोहरी तडतडावी तसा, मग विझत जाणारा.

आता मानेवरचं मऊ गेलंय, पिसं अर्धवट फुटलीत,
अधल्यामधल्या वयाची, बेढब झालीत सगळी.
आणि परसात पाचजणी आहेत
सातबाऱ्यावर नाव असल्यासारख्या.

झुबेदाबी कुंपणापलीकडून म्हणाल्या,
"एकदम सोडू नको. आधी दिसू दे."
म्हणून द्राक्षबागेतली जुनी पाखरजाळी
पेरूपासून नळापर्यंत ताणली.
अलीकडे सहा, पलीकडे पाच.
पाचही जणी ओळीनं येऊन उभ्या राहिल्या.
आधी एक डोळा लावला, मग मान वळवून दुसरा.
तांबडी, ढवळी, एकीसारखी दुसरी अशा दोघी काळ्या,
आणि मास्तरीण.
हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलं,
माझ्याकडे बघून.

मला पेठ तालुक्यातली शाळा आठवली,
बदलीचा पहिला दिवस.
खोलीत खुर्च्या चार.
कोणती कुणाची हे कुणी सांगत नाही.
बसल्यावर कळतं.

दहाव्या दिवशी, रात्री,
एकेक पिल्लू छातीशी धरून नेलं
आणि खुराड्यातल्या खालच्या दांडीवर ठेवलं.
बोटं आपसूक लाकडाला वळली.
कोंबडीला अंधारात दिसत नाही,
सकाळी शेजारी जी असेल
ती कालचीच वाटते तिला,
असं झुबेदाबींचं म्हणणं.

सकाळी कळलं,
मास्तरणीला मोजता येतं.

डोक्यात टोच, शेपटीच्या मुळाशी टोच.
ताटल्या दोन ठेवल्या,
तिसरी क्रेटच्या मागे, लपवून.
तांबडीनं तीही शोधली.
"रक्त आलं तरच उचल,
बाकी त्यांचं त्यांना," झुबेदाबी.
मी हळदीची डबी मांडीवर घेऊन
पायरीवर बसून राहिले. चहावर साय धरली.

पाच पिल्लं शिकली.
वाट सोडायची. मागून खायचं.
पळताना ओरडायचं नाही.
सहावी शिकली नाही,
भुरी, उजव्या पायाचं एक बोट वाकडं असलेली.
दिवस मावळला की पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायची,
आणि रोज रात्री मी तिला उतरवून
खालच्या दांडीवर ठेवायची.
रोज. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी रोज.
हे म्हणाले,
"तुझी शाळा काही सुटली नाही अजून."

मग निफाडकडून ती थंडी आली,
जिच्यात द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात
आणि मखमलाबादच्या रस्त्यावर
धूर गुडघ्याएवढा साचून राहतो.
बॅटरी घेऊन टाकीपाशी गेले.
भुरी नव्हती.
मुंगूस, बोका, कोपऱ्यावरची कुत्री,
सगळी मनातून धावत गेली.

खुराड्याचं दार उघडलं.
वरच्या दांडीवर, भिंत आणि मास्तरीण यांच्यामध्ये,
जिथं वाटीएवढीही जागा नाही,
तिथं भुरी. चोच पिसांत.
मास्तरणीचा एक पंख जरा वर झालेला.
तिनं उचलला
की हिनं घुसताना उचकटला,
सांगता येत नाही.
मास्तरणीनं डोळा किलकिला करून
उजेडाकडे बघितलं,
वर्गात न विचारता आलेल्या साहेबाकडे बघावं तसं.
मी बॅटरी विझवली.

सकाळी आधी मास्तरीण उतरली,
मागोमाग भुरी.
ताटलीशी पोचताच मास्तरणीनं तिला
एक टोच हाणली. डोक्यात, नेहमीच्या जागी.
भुरी बाजूला झाली.
थांबली.
मग ताटलीच्या दुसऱ्या कडेनं
परत आली.