गमतीची फेरी

रविवारची फेरी गमतीची, पिदूरकर म्हणतो,
ती कशाला पेटीत टाकायची?

पेटी म्हणजे खाणीतली जुनी बारुदीची पेटी,
झाकणाला मीच करवतीनं फट पाडलेली.
आत खेळाडूंची कार्डं. महिनाअखेर मी ती उघडतो
आणि रजिस्टरात एकेकाचा हँडिकॅप मांडतो,
निळ्या शाईनं.

वणीपासून अकरा किलोमीटरवर, कॉलनीच्या मागं
नऊ होलचं आमचं मैदान. दोनदा फिरलं की अठरा.
हिरवळ नाही. जळकं तेल पाजलेली वाळू,
तिसऱ्या होलवर गुरं आडवी येतात,
सहाव्याच्या उजवीकडे ढोब्यांची पऱ्हाटी.
दिवाळी ते संक्रांत तिथं गेलेला चेंडू
शोधायचा नाही, असा स्थानिक नियम आहे.
बोंडं फुटलेली असतात.
पांढऱ्यात पांढरं कुणाला सापडलंय?
एक फटका दंड, आणि पुढं चला.

पिदूरकर बारा होता.
बारा म्हणजे बारा फटक्यांची सूट, बाकी काही नाही;
तो मात्र हुद्दा सांगावा तसं सांगायचा.
कँटीनच्या फळ्यावर अजून ऑइल पेंटमध्ये आहे:
मो. वि. पिदूरकर, १२.
मग गुडघा गेला. मग डाव्या डोळ्यात मोती.
आता शंभर, एकशे चार, एकदा एकशे नऊ,
आणि दर रविवारी कार्डाची चौघडी होऊन
शर्टाच्या खिशात.

सुदाम टेकाम त्याची पिशवी वाहतो.
मोजतो तुरीच्या दाण्यांनी,
फटक्यागणिक एक दाणा डाव्या खिशातून उजव्यात.
"साहेब, नाल्यात तीन झाले ना जी, दोन नाही."
"अबे, गमतीचीच तर फेरी आहे."
सुदाम दाणा परत फिरवत नाही. मान वळवून
दूरच्या डंपरकडे पाहतो.

मी सर्व्हेअर. फील्ड बुकात रबर चालत नाही,
पहिल्या दिवशी शिकवलं होतं.
चुकलं तर एकच रेघ मारा, नवा आकडा वर लिहा,
खालचा वाचता आला पाहिजे.
जुन्या गॅलरीतलं साचलेलं पाणी
पुढच्या भिंतीपासून किती मीटरवर,
ते त्या आकड्यांवर ठरायचं,
आणि त्यांच्या भरवशावर हाच पिदूरकर
पाळीची माणसं घेऊन खाली उतरायचा.
एकदाही विचारलं नाही त्यानं, खात्री आहे का म्हणून.

हे त्याला कधी बोललो नाही.
म्हणालो एवढंच, शेवटच्या वीस फेऱ्या धरतात,
त्यातल्या आठ चांगल्या घेतात.
बारा वाईट दिवस नियमच सोडून देतो, मोरेश्वर.
"नियमाला काय जातं," तो म्हणाला.

पौषातला रविवार, एकशे तीन.
चहा आला, तर्रीवाला आलुबोंडा आला.
मी मार्कर म्हणून सही केली आणि कार्ड सरकवलं.
खेळणाऱ्याची सही लागते, ती कुणाला देता येत नाही.
त्यानं चष्मा पुसला. एकेका होलवर बोट ठेवत गेला,
सहाव्यावर थांबला, तिथं आठ होते.
मग पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट,
पेन्शनच्या फॉर्मवर लिहितात तसं.
पेटीत टाकायला मात्र सुदामकडे दिलं.

नंतर येत राहिली कार्डं, कधी चहाचा डाग घेऊन.
मार्चअखेर रजिस्टरात त्याच्या नावापुढं
बारावर एक रेघ मारली. वर अठरा लिहिले.
खालचे बारा वाचता येतात.

"बाराच्या भावात गेलो गड्या,
अठराविश्वे उरले," म्हणाला, आणि दोन रविवार आलाच नाही.
गुडघा, बायकोनं सांगितलं.

तिसऱ्या रविवारी माझ्या आधी पोचला होता,
पळसाखाली बूट बांधत.
पहिल्या होलला सहा. दुसऱ्यावर वाळूपाशी उभा राहून
माझ्याकडे न बघता विचारलं,
"इथं मला आता एक मिळतो ना?"
मिळतो, मी म्हटलं, दर होलला एक.
"मंग लिही ना बाप्पा."

फटका मारला. चेंडू कुठं गेला ते त्याला दिसलं नाही.
सुदामनं दाणा फिरवला
आणि बोटानं जागा दाखवली.