बर्फाच्या कारखान्यातला मसुदा

चर्चमध्ये नको, मशिदीतही नको,
शाळेला कुलूप;
म्हणून बर्फाच्या कारखान्यात बसलो.
मासळीचे उलटे क्रेट, छताला एक दिवा
आणि माझ्या मांडीवर उसना लॅपटॉप,
कारण वाइताला गावात सरकारी भाषा
शुद्ध लिहिणारी मी एकटीच.

खाडीतली वाळू कंपनीला गेली, असं कागद म्हणतो.
वाळू गेली की बांगडा जाणार,
बांगडा गेला की
शुक्रवार आणि रविवार दोन्ही उपाशी.
इतकं साधं होतं.
तरी रात्रीचे अकरा वाजले.

पहिल्याच ओळीवर अडलो.
‘आम्ही मागणी करतो’ असं मी लिहिलं.
सालेहानं विचारलं, आम्ही म्हणजे कोण गं?
सरकारी भाषेत त्याला दोन शब्द आहेत :
एकात ऐकणाराही बसतो, दुसऱ्यात बसत नाही.
अर्जात दुसरा वापरायचा, असा नियम.
आमच्या बेटाच्या बोलीत मात्र एकच, कातोंग.
त्यात कोण आत आणि कोण बाहेर
हे बोलणाऱ्याच्या नजरेवरून ओळखायचं.
त्या वर्षी नजर बदलली
तेव्हाही शब्द हाच होता.

जकार्ताहून आलेला मुलगा चष्मा पुसत म्हणाला,
धर्म जरा बाजूला ठेवूया, मुद्दा वाळूचा आहे.
म्हातारी वेलमिन्से म्हणाली,
बाजूला म्हणजे कुठे ठेवू रे बाळा?
इथं तर सगळीच जमीन ओली.
जुन्या रिवाजानं खाडी बंद करा,
बांबूला कोवळी झावळी बांधा,
एका टोकाला पाद्री उभा राहील, एका टोकाला इमाम,
मग बघू कुणाचा पंप चालतो.
मुलानं वहीत लिहिलं : ‘स्थानिक शहाणपण’.
(पंप चालला. झावळी अजून आहे. दोन्ही आहेत.)

मग सह्या.
बत्तिसाव्या माणसाचं नाव मी सांगत नाही.
नावावरून तुम्ही त्याची बाजू ठरवाल,
आणि त्याबरोबर माझीही.
एवढंच, की त्या वर्षी तो फाट्यावर कोयता घेऊन
पाळीनं उभा राहायचा,
आणि माझा भाऊ जायफळाची पोती घेऊन
त्याच फाट्यावरून गेला.
पोती परत आली.

तो म्हणतो, त्या रात्री माझी पाळी नव्हती.
नसेलही.
मी त्याचं नाव माझ्या नावाखाली टाइप केलं,
एकही अक्षर न चुकता.
क्षमा हा शब्द मसुद्यात नव्हता.
मी घातला नाही.
आधी वाळू की आधी भाऊ, असं मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी वाळू म्हटलं असतं
आणि विचारणाऱ्याचं तोंड
जन्मभर लक्षात ठेवलं असतं.

शेवटी सालेहाच्या हट्टानं ‘कातोंग’ गेला.
कचेरीतल्या कारकुनानं लाल पेनानं तो खोडला,
वर ‘आम्ही’ लिहिलं, शिक्का मारला,
आणि दयाळूपणे म्हणाला,
बाई, अर्जात बोलीभाषा चालत नाही.
दुसऱ्या दिवशी तिघांनी सही मागे घेतली.
एक माझ्या चुलत्याची होती.
बत्तिसाव्याची नव्हती.

परतीची बोट उशिरा आली.
रस्त्याकडेला चटयांवर लवंगा वाळत होत्या,
कुणाच्या हे वासावरून कळत नव्हतं;
मला कळत होतं, मी घरं ओळखते.
फाट्यावर तो थांबला,
हातानं खूण केली, तुम्ही पुढे व्हा.
अदब असेल,
किंवा हाताला लागलेली जुनी सवय.
मी क्षणभर उभी राहिले.
मागे वळून न बघता चालायला
मला अजून जमत नाही;
पण त्या संध्याकाळी
वळून बघितलं तेव्हा
तोही वळून बघत होता,
त्याच्या पाठीमागे.