विसण

गेट्सहेडमध्ये रात्री अडीचला वीज स्वस्त होते.
समुद्रावर वारा मोकाट, वापरायला कुणी जागं नाही,
म्हणून मी पंप लावते.
खाली, दीडशे मीटरवर,
कोळसा काढून नेलेल्या पोकळीत पाणी भरलंय.
पंधरा अंश.
आमच्याकडे पाहुण्याला असल्या पाण्याने आंघोळ करावी लागली असती
तर आईने आठवडाभर कुणाला तोंड दाखवलं नसतं.

तरी त्यात ऊब आहे.
थोडी, पसरलेली, कुणाच्याच कामाची नाही अशी.
पंप ती वेचतो,
सांडलेली मोहरी वेचावी तशी,
आणि मग दाबतो.
दाबलं की तापतं. सायकलला हवा भरताना
पंपाचं टोक चटका देतं, तेवढंच शास्त्र.
बाकी तांब्याच्या नळ्या आणि देखभालीचे करार.

सकाळपर्यंत टाकी भरते.
चौदा मीटर उंच, अंगावर जाड गोधडी,
रस्त्यावरून पाहिलं तर चुकून इकडे आलेली कणगी.
वर पंचाहत्तर अंश, तळाला चाळीस,
मध्ये हातभर पट्टा, जिथे दोघांची ओळख होते.
तो पट्टा मोडायचा नाही.
पाणी सोडायचं ते साय फाटणार नाही इतक्या हलक्या हाताने.
ढवळलं की सगळंच कोमट,
आणि कोमटाला कुणी पैसे देत नाही.

मंगळवारी तक्रार आली. नववा मजला,
मिसेस थर्लवेल, वय अठ्ठ्याऐंशी: रेडिएटर मेलाय.
गेले. हात लावला. पंचेचाळीस, व्यवस्थित.
खोलीत एकवीस. मी आकडा दाखवला.
त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही.
"याला तापणं म्हणतात?"
आमच्या शेगडीपुढे नडग्या भाजायच्या, म्हणाल्या,
आणि पाठ गारठायची. तेव्हा कळायचं, घर तापलं.
कोळसा दारात ओतून जायचे. फुकट.
फुकट म्हणजे, त्यांनीच जरा थांबून दुरुस्त केलं,
वडिलांच्या छातीतून वळता करून घेतलेला.

मी विचारलं, कुठली खाण.
त्यांनी नाव सांगितलं.
ते नाव मी रोज पडद्यावर वाचते,
बोअर क्रमांक दोनच्या पुढे,
प्रवाह आणि तापमान यांच्या मधल्या रकान्यात.
सांगू की नको, असं झालं.
सांगितलं.

त्या रेडिएटरकडे बघत राहिल्या.
मग भलत्याच गोष्टीवर गेल्या:
वडील पाळीवरून आले की पत्र्याचा टब, शेगडीसमोर.
आई उकळतं ओतायची,
थंड पाण्याचा जग माझ्याकडे. सात वर्षांची होते.
एक जग. कोपर बुडवून बघायचं. मग अर्धा.
"त्याला काही नाव नव्हतं. ते माझं काम होतं, इतकंच."

मला नाव माहीत होतं.
विसण.
पंधरा वर्षांत हा शब्द इथे उच्चारायची
वेळच आली नव्हती.
त्यांनी दोनदा म्हणून पाहिला, दोन्ही वेळा चुकीचा,
दुसऱ्यांदा थोडा कमी.

त्यांच्या इमारतीच्या तळघरात एक झडप आहे.
परत आलेलं गार पाणी
वर निघालेल्या गरमात किती मिसळायचं, ते ती ठरवते.
नकाशावर तिला फक्त नंबर आहे.
जाता जाता उतरले,
नियमात बसतील तेवढे, दोन अंश, वाढवून दिले.
कोपर लावायचा मोह झाला. नळी बंद होती, अर्थात.

शुक्रवारी पुन्हा नोंद. नववा मजला.
रेडिएटर अजून मेलेलाच.
खाली ऑफिसातल्या पोराने
कानाला लागलं तसं टाइप केलेलं:
"त्या इंजिनिअर मुलीला सांगा,
व्हिझन फार झालंय."