ओहोटीचं मानपत्र

वाचनालयाच्या समितीनं काम माझ्यावर टाकलं:
कमांडर श्रीरंग भोबे यांचं मानपत्र,
रविवारी साडेदहाला, चिखली पंचायतीच्या हॉलात.
मागच्या सत्काराचा मसुदा कपाटात होताच,
फक्त नाव बदलायचं.
'रणधुरंधर' ठेवायचं की खोडायचं
एवढंच विचारायला त्यांच्या घरी गेलो.

ते मागच्या दारी विळीवर तिसऱ्या फोडत होते.
"रण कसलं? बत्तीस वर्षं पाणी मोजलं रे मी."

पांढरं जहाज, पिवळं धुराडं.
सरळ रेषेत जायचं, वळायचं,
शेजारच्या रेषेनं परत यायचं,
नांगरणीसारखं, फक्त मागे तास उरत नाही.
कच्छच्या आखातात, अंदमानात,
आणि किनारा जवळ आला की होडीतून,
शिसाचा गोळा दोराला बांधून.
मुलीचं बारसं अशाच एका रेषेवर कळलं.
आई गेल्याची तार आली
तेव्हा अकरा रेषा उरल्या होत्या.
त्या पुऱ्या करून मग ते आले.
(हे त्यांनी नाही सांगितलं.
कुमुदबाईंनी सांगितलं, चहाचा कप ठेवताना,
आणि कप जरा जोरातच ठेवला.)

"लिहायचंच तर हे लिही," ते म्हणाले,
"नकाशावर आकडा टाकतात तो मोठ्यात मोठ्या ओहोटीचा.
भरतीचं पाणी कागदावर मांडायचं नाही.
मिळालं तर ती दर्याची मेहेरबानी.
आपण शब्द द्यायचा तो कमीत कमी पाण्याचा."

मग एका खडकाचं निघालं.
कुणा म्हाताऱ्या रापणकारानं पाहिलेला, एकदाच, तरुणपणी.
चार दिवस शोधला. नाही सापडला.
वरून पत्र आलं, पुसून टाका.
यांनी उलट कळवलं:
आम्हाला सापडला नाही, इतकंच आम्ही सांगू शकतो.
अजून आहे तो नकाशावर
ठिपक्यांच्या कुंपणात,
शेजारी बारीक अक्षरं: अस्तित्वाबद्दल शंका.

पूर्वी खोली वावांत मोजत.
दोन्ही हात पसरले की एक वाव.
शंकेला जागा ठेवणं, त्यालाही वावच म्हणतो आपण.
सव्वीस वर्षं मराठी शिकवून
हे मला त्या मागच्या दारी कळलं,
हाताला तिसऱ्यांचा वास येत असताना.

मसुदा परत कपाटात ठेवला. नवीन लिहिलं:

श्रीरंगबाब,
हे मानपत्र ओहोटीच्या पातळीवर आहे.
तुम्ही शूर होता असं यात नाही,
समितीपुढे तसा पुरावा आला नाही.
यात एवढंच आहे, की
मध्यरात्री मुरगावच्या बंदरात एक जहाज शिरतं,
त्याच्या कप्तानाला 'भोबे' म्हणताही येणार नाही,
एका आकड्यावर भरवसा ठेवून तो आत येतो
आणि त्याच्या तळाखाली पाणी असतं.

वाचून झालं. टाळ्या बेताच्याच पडल्या.
सरपंचांना 'रणधुरंधर' हवं होतं.
कमांडरांनी खिशातून पेन्सिल काढली,
'बत्तीस वर्षं' खोडून
'एकतीस वर्षं सात महिने' केलं
आणि समासात लिहिलं:
दोर सोडणारा, कायतान रॉड्रिग्ज.
मग कागद मला परत दिला,
तपासलेल्या वहीसारखा.

संध्याकाळी जुवारीच्या धक्क्यावर दिसले.
शाल नव्हती, हातात मासळीची पिशवी.
सूर मारायला पोरं काठावर ओळीनं उभी,
एकानं विचारलं, "अंकल, पाणी किती?"
त्यांनी खांबावरच्या शेवाळाची रेघ पाहिली,
घड्याळ पाहिलं,
आणि होतं त्यापेक्षा कमी सांगितलं.

पोरं कुरकुरत पायऱ्यांनी उतरली.