मूठमाती

आमच्या मुलखात, नायजरच्या पूर्वेला,
महारोग्याला कुणी पुरत नसे.
जिवंतपणी कोनफळाच्या शेवटच्या वाफ्यापलीकडे एक खोपटं,
मेल्यावर वाईट रान.
तिथं जुळी पोरं टाकत, पोट फुगून मेलेले टाकत,
आणि आम्हाला.

मिशनचा माणूस सायकल ढकलत आला.
औषध आहे म्हणाला, देऊळ आहे, शाळा आहे.
आईनं त्याला एकच विचारलं,
"पुरता का?"
पुरतो, म्हणाला. पेटीत घालून.
आईनं माझी चटई गुंडाळली.

बुधवारी सुई. कडूकवठीचं तेल,
ढुंगणाला लिंबाएवढ्या गाठी यायच्या.
तिच्या बिया म्हणे हिंदुस्थानातून बोटीनं आलेल्या.
झाडं रुजली. आम्हीही रुजलो, म्हणायला हवं:
पत्र्याची छपरं, मिरचीची रोपं, पाण्यावरून भांडणं,
एक बँड, त्यात ओठ न मिटणारा तुतारीवाला.
आणि लग्नं.

लग्नाला पाद्र्यांची ना नव्हती.
पण मूल तिसऱ्या दिवशी
चुना लावलेल्या दगडांच्या रांगेपलीकडे.
तिकडे निरोगी. इकडे आपण.
रविवारी दाई त्याला उचलून दाखवायची
वीस पावलांवरून,
बाजारात कोंबडी दाखवतात तशी.

इहुदियानं मुलाचं नाव ठेवलं ओन्वुबिको.
म्हणजे: मरणा, पाया पडते तुझ्या.
मरणाला आमची भाषा येत नसावी.
सातव्या महिन्यात गोवर.

पुरलं. पेटीत घालून. तिकडे.

इहुदिया दगडांशी येऊन बसली ती हलेना.
मला मूठमाती द्यायचीय, म्हणाली.
मूठ कुठाय तुझी?
तळव्यापुढं काहीच उरलं नव्हतं तिच्या.
मूठ वळायला बोटं लागतात, बाई.
हे मी मनात नाही, तोंडानं बोललो.
चाळीस वर्षं झाली, अजून जिभेवर आहे.

मिस क्रेगी आली, नियमांची वही घेऊन.
इकडून तिकडे जाणारं सगळं तीत लिहिलेलं होतं:
पत्रं, गरम इस्त्रीखाली.
नाणी, कार्बोलिकमध्ये रात्रभर.
कापड, भांडी, उकळून.
अंडी नेऊच नयेत.
तिनं पानं दोनदा उलटली, हातमोज्यातल्या बोटानं.
माती कुठंच नव्हती.

तेव्हा तिनं दवाखान्यातला एनॅमलचा पेला आणला,
निळ्या काठाचा, टवका उडालेला.
इहुदियानं दोन्ही मनगटांनी माती लोटली.
सांडली. पुन्हा लोटली.
मिस तो पेला पोटाशी धरून गेली दगडांपलीकडे,
सावकाश, दूध उतू जाईल अशी.
बाईलाच रांग ओलांडू द्यावी,
हे काही तिला सुचलं नाही.
सुचलंही असेल. पण ते वहीत होतं.

पुढं पांढऱ्या गोळ्या आल्या. डाग विरले.
मला कागद मिळाला: रोगमुक्त. शिक्का, सही,
आणि परतीच्या वाटेसाठी एक जुनी टोपी.
गावी पोचलो तर आईचा खड्डा अजून उघडा होता.
भाऊ म्हणाला, आलास, बरं झालं. लांबूनच.
मी कागद दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं.
ज्यांना येत होतं त्यांनीही वाचला नाही.

माझी दहा बोटं शाबूत आहेत. मूठ घट्ट वळते माझी.
मातीनं भरली, उभा राहिलो,
आणि तशीच बंद मूठ घेऊन
एकवीस मैल मागं आलो.

इहुदियाच्या मिरचीच्या वाफ्यात ती उघडली.
तिनं काही विचारलं नाही.
मनगटानं माती सारखी केली,
वरून पाणी ओतलं.

त्या साली मिरच्या काही फार आल्या नाहीत.